बैलाच्या खांद्यावरचा हात

आमच्या शहरातल्या पाणचक्कीला गेलात की हौदाच्या कठड्याशी थोडा वेळ उभे राहा आणि माशांऐवजी माणसं बघा. लोक आत येतात, दर्ग्याकडे जातात, पाण्यावर फिरणारी चक्की बघतात, फोटो काढतात आणि मग हौदाशी येऊन थबकतात. पाण्यात मासे फिरत असतात. त्यात बघण्यासारखं नवं काही घडत नाही, तरी पाच-दहा मिनिटं कशी गेली ते कळत नाही. किरकिरणारं मूल गप्प होतं. मोठी माणसं बोलता बोलता आवाज खाली आणतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर वाटसरू आणि फकिरांच्या विसाव्यासाठी वाढत गेला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं आणि त्या पाण्याच्या जोरावर त्यांच्यासाठी दळण दळलं जाऊ लागलं. थकल्याभागल्या माणसांच्या जागेत मोठा हौद आहे आणि त्यात मासे आहेत, हे मला फार समंजसपणाचं वाटतं.

या हौदाशी जे घडतं ते अमेरिकेत दाताच्या दवाखान्यात तपासून पाहिलं गेलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात काढायला आलेल्या रुग्णांपैकी काहींना आधी माशांच्या टाकीसमोर बसवलं, काहींना निसर्गचित्रासमोर. काहींना संमोहनही दिलं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टाकीसमोर बसलेले रुग्ण खुर्चीत अधिक शांत राहिले, आणि त्यात संमोहनाची भर घालून आणखी विशेष काही साधलं नाही. पुढे २००२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी अल्झायमर झालेल्या वृद्धांच्या जेवणघरात माशांच्या टाक्या ठेवल्या. भिरभिरणारी, ताटावर न टिकणारी ही माणसं टाकीशेजारी बसू लागली, जेवू लागली. सोळा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी पाऊण किलोने वाढलं. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे पाऊण किलो म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

पेट थेरपी हा शब्द आता आपल्याकडेही रुळतो आहे. पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. घरात मांजर किंवा कुत्रं असणं, ही एक. कुणी आपलं शांत कुत्रं घेऊन वृद्धाश्रमात तासभर जाऊन येणं, ही दुसरी. तिसरीत प्रशिक्षित प्राणी, त्याला सांभाळणारा माणूस आणि उपचार करणारा तज्ज्ञ असे तिघं मिळून एका ठरावीक रुग्णासोबत ठरावीक उद्दिष्टासाठी काम करतात आणि प्रगतीची नोंद ठेवतात. थेरपी हे नाव खऱ्या अर्थाने या तिसरीलाच शोभतं. पण पहिल्या दोन्हींचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचं घर उघडलं. त्या काळी वेड्यांना साखळदंडात ठेवत. इथे अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. आपल्यापेक्षा दुबळ्या जिवाला जपताना माणूस स्वतःला सावरतो, असा ट्यूक कुटुंबाचा विश्वास होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांसाठी लहानसा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत असल्याची नोंद केली. तरीही वैद्यकशास्त्राने याकडे गंभीरपणे बघायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक मूल ठरल्या वेळेआधीच आलं. त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. कुणाशी न मिसळणारं ते मूल कुत्र्याशी खेळू लागलं आणि त्या खेळातून डॉक्टरांना त्याच्यापर्यंत जायला वाट मिळाली. लेव्हिन्सन यांनी १९६१ मध्ये हा अनुभव व्यावसायिक बंधूंसमोर मांडला तेव्हा हशा पिकला. त्यांनी काम सोडलं नाही. या विषयाची आजची बरीचशी इमारत त्यांच्या पायावर उभी आहे.

मग हृदयरोगाकडे वळू, कारण सर्वांत गाजलेला अभ्यास तिथलाच आहे. एरिका फ्रीडमन यांनी १९८० मध्ये हृदयविकारातून वाचून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभराची हकिगत प्रसिद्ध केली. घरात प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षात ३ दगावले, प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. कुत्रा फिरवण्याचा व्यायाम हेच कारण असेल म्हणून कुत्रेवाल्यांना बाजूला काढून पाहिलं, तरी फरक उरलाच. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण संख्या लहान होती आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांतून असाच निकाल आला नाही. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये या साऱ्याचा आढावा घेतला. प्राणी, विशेषतः कुत्रा पाळण्याचा हृदयाला फायदा होत असावा, पण केवळ हृदयरोग टाळायचा म्हणून कुणी प्राणी आणू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ते पटतं.

अधिक बोलका अभ्यास कॅरन ॲलन यांचा आहे. रक्तदाब वाढलेले ४८ शेअर दलाल त्यांनी निवडले, सगळे एकटे राहणारे. सर्वांना रक्तदाबाचं एकच औषध सुरू केलं आणि त्यांतल्या निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर आणायला सांगितलं. सहा महिन्यांनी स्वस्थ बसलेल्या अवस्थेतला रक्तदाब दोन्ही गटांत सारखाच उतरला होता. ते काम गोळीचं. पण मनावर ताण आणणारी कामं दिली तेव्हा नुसतं औषध घेणाऱ्यांचा दाब उसळला आणि घरी प्राणी असणाऱ्यांचा त्या मानाने कमी चढला. गोळी जिथे पोचत नव्हती तिथे मांजर पोचलं होतं. म्हणून कुणी गोळी बंद करू नये. दोघांची कामं वेगळी आहेत.

शरीरात काय होतं तेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेचे पशुवैद्यक योहान्स ओडेनडाल यांनी माणूस कुत्र्याला शांतपणे गोंजारत असताना दोघांचंही रक्त तपासलं. आई बाळाला पाजते तेव्हा वाढणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दोघांतही वाढलेलं आढळलं. आनंदाशी जोडलेली इतर काही रसायनंही वाढली होती. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. कुत्रा आणि त्याचा धनी नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले तरी दोघांचं ऑक्सिटोसिन वाढतं. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र हे दिसलं नाही. हजारो वर्षं आपल्या दारात राहून कुत्र्याने ही नजर कमावली आहे. आपल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत आणि खंडोबाच्या कथेतही कुत्रा आहे. माणूस आणि कुत्रा यांच्या जुन्या संगतीची जाण देवघरापर्यंत पोचलेली आहे.

आता माझ्या मते या विषयाचा गाभा असलेल्या गोष्टीकडे येतो. इटलीत २००६ मध्ये वृद्धाश्रमांतल्या १४४ जणांचे तीन गट केले. एका गटातल्या प्रत्येकाला एक कॅनरी पक्षी दिला, दुसऱ्याला एक रोप, तिसऱ्याला काहीच नाही. तीन महिन्यांनी कॅनरीवाल्या गटाची मनःस्थिती आणि जगण्याची गोडी सर्वाधिक सुधारलेली होती. दक्षिण कोरियात त्याहून गमतीचा प्रयोग झाला आणि तो २०१६ मध्ये छापून आला. घरी राहणाऱ्या ९४ वृद्धांपैकी काहींना पिंजऱ्यात ठेवलेले रातकिडे सांभाळायला दिले. आठ आठवड्यांनी त्यांच्या उदासीनतेत थोडी पण मोजण्याइतकी घट आढळली. रातकिड्याला गोंजारता येत नाही, तो जवळ येऊन बसत नाही, मालकाला ओळखतही नाही. मग म्हाताऱ्या माणसाला त्याने काय दिलं? सकाळी उठून त्याला दाणापाणी करायचं कारण दिलं.

आजारी माणसाची सगळ्यात मोठी कुचंबणा ही असते की दिवसभर तो फक्त घेत असतो. औषध घ्या, पाणी घ्या, कूस बदलून घ्या. घरचे प्रेमाने करतात, पण त्याच्या हातून कुणासाठी काही होत नाही. प्राणी हा तराजू फिरवतो. त्याच्यापुढे रुग्ण हा देणारा असतो. आणि प्राण्याला रिपोर्ट वाचता येत नाही. केस गेलेलं डोकं, वाकडा झालेला ओठ, अडखळणारं बोलणं, यातलं काहीही बघून त्याचा चेहरा बदलत नाही.

आमच्या शहरात हे समजून घ्यायला परदेशी अभ्यासांची फारशी गरज नाही. आमखास मैदानाजवळ २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. बीड, जालना, परभणी, हिंगोली अशा सगळ्या मराठवाड्यातून लोक इथे येतात. किरणोपचार पाच-सहा आठवडे चालतात, म्हणून मुक्काम पडतो. संध्याकाळी अशा रुग्णांची फोनवरची बोलणी कानावर पडतात. स्वतःच्या दुखण्याचं दोन वाक्यांत उरकतं आणि मग खरी चौकशी सुरू होते. म्हैस किती देती? गोऱ्ह्याचं खांड भरलं का? शेळीला पाला कोण आणतं? “घरी जनावरं हायेत, लवकर सोडा” ही विनंती मराठवाड्यातल्या कोणत्याही डॉक्टरला नवी नाही. काही जण त्याच काळजीपायी उपचार अर्धवट टाकून जातात, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रुग्णाला दाखल करून घेताना घरी जनावरं कोण बघणार हा एक प्रश्न विचारला, शेजाऱ्याची किंवा भावकीतल्या कुणाची सोय लावून दिली, तर कितीतरी उपचार पुरे होतील. फोनवर रोज गोठा दाखवला तरी माणूस निवांत झोपतो.

याची दुसरी बाजू सिडको-हडकोच्या आणि सातारा परिसराच्या इमारतींत आहे. मुलगा वाळूजच्या कंपनीत लागतो, गावचं शेत बटाईने जातं, बैलजोडी विकली जाते आणि आई-वडील शहरात येतात. माझे आजोबाही असेच कन्नड तालुक्यातून आले. डाव्या अंगावरून वारं गेलं आणि गावात एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आयुष्यभर पहाटे चारला जनावरांना वैरण टाकायला उठलेला माणूस आताही चारलाच उठायचा आणि उजाडेपर्यंत पलंगावर बसून राहायचा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी डाव्या मुठीत धरायला रबराचा चेंडू दिला होता. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. आजोबा दहा वेळा दाबून तो खाली ठेवत. पोरांचं खेळणं दाबून काय व्हतं, म्हणायचे.

प्राण्यांना सोबत घेऊन पद्धतशीर काम कसं चालतं हे बघायचं तर मुंबई-पुण्याकडे जावं लागतं. मीनल कविश्वर या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ॲनिमल एंजल्स’ ही संस्था उभी केली. या क्षेत्रात भारतात ज्यांनी आधी वाट पाडली त्यांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर याच संस्थेच्या सहकार्याने प्रवाशांचा ताण हलका करायला कुत्री ठेवण्यात आली. विमानतळाची बातमी होते. पण खरं काम विशेष मुलांच्या शाळांत आणि रुग्णांसोबत शांतपणे चालतं. स्वमग्न मूल डोळ्यांत बघत नाही, तेव्हा कुत्र्याला हुकूम द्यायला सांगतात, कारण हुकूम ऐकवायचा तर त्याच्याकडे बघावं लागतं. हात आखडलेल्या मुलाला कुत्र्याच्या अंगावरून ब्रश फिरवायला देतात. लकवा झालेला माणूस दुबळ्या हाताने चेंडू टाकतो आणि कुत्रा तो आणून देतो, मग पुन्हा टाकावाच लागतो. व्यायाम तोच असतो, फक्त त्याला आता समोरून उत्तर मिळतं.

अशा कामाला कोणताही प्राणी चालत नाही. काठी पडली, कुणी किंचाळलं, कुणी कान ओढला तरी न बिथरणारा शांत स्वभाव लागतो. भेटीआधी आंघोळ, कापलेली नखं, जंतनाशक, सगळ्या लसी ही किमान तयारी. भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते, कारण प्राणीही थकतो. कुत्रं वारंवार जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, मान फिरवू लागलं की त्याला पुरे झालेलं असतं. तेव्हा त्याला बाहेर नेलं पाहिजे. त्याच्या जिवाला त्रास देऊन मिळालेला दिलासा मला तरी नको वाटतो.

धोकेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून घरच्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस हवीच. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. किमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. त्याने चाटून घेणं, ओरबाडून घेणं आणि मांजराची विष्ठा साफ करणं टाळावं, आणि प्राणी जवळ ठेवायचा की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. कबुतरांबद्दल तर मी आग्रहाने सांगेन. एकट्या माणसाला गच्चीवर दाणे टाकण्यात आनंद मिळतो हे खरं, पण वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दम्याच्या माणसाने तो नाद सोडावा. पिंजऱ्यातला मिठू हा आपल्या आज्यांचा लाडका, पण देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पायात घुटमळणाऱ्या प्राण्याला अडखळून म्हातारी माणसं पडतात हेही विसरू नये. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून सगळ्या वयांच्या माणसांना होणाऱ्या इजा वर्षाला सुमारे ८६,००० मोजल्या गेल्या होत्या.

आणि आमच्या शहराची आणखी एक अडचण आहे. कित्येक वस्त्यांत नळाला दिवसाआड नव्हे, आठवड्याने पाणी येतं, तिथे मोठं, केसाळ, परदेशी जातीचं कुत्रं आणणं हा त्या जिवावर अन्याय आहे. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर त्याचे पाय पोळतात. एकट्या वृद्धाला सोबत हवी असेल तर वयाने पोक्त झालेलं गावठी कुत्रं किंवा मांजर बरं. पिल्लू नको, त्याच्यामागे धावणं ऐंशीच्या वयात झेपत नाही. आपल्यानंतर त्याचं कोण करणार, हे आणण्याआधी ठरवावं. सोसायटीची आडकाठी होत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचून दाखवाव्यात. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यांत म्हटलेलं आहे. हे काहीच जमण्यासारखं नसेल तर दारातल्या ओळखीच्या, लस दिलेल्या कुत्र्याला ठरल्या वेळी भाकरी घालणंही चालतं. सिंगल बेडच्या खोलीत माशांची लहान टाकी चालते. इटलीतली कॅनरी आणि कोरियातला रातकिडा यांच्यापेक्षा ते काही कमी नाही. यंत्रांचेही प्रयोग झाले आहेत. सेंट लुईस इथे २००८ मध्ये काही वृद्धांना काही आठवडे खरं कुत्रं आणि काहींना सोनी कंपनीचा ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा भेटवला, तेव्हा दोन्हींमुळे एकटेपणा कमी झाला. ते वाचून मला आनंदापेक्षा वाईट जास्त वाटलं. माणसं इतकी तहानलेली आहेत.

आजोबांना आम्ही कुत्रं आणलं नाही. जिने चढउतार कोण करणार, हा प्रश्न होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र चुलत्याच्या गाडीतून गावी नेलं. खांदमळणीचा दिवस होता. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-लोण्याने चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. बैल आता चुलत्याचे होते, पण त्यांतला एक आमच्याच गाईचा. आजोबांना गोठ्यात खुर्ची दिली. त्यांनी खुर्ची बैलाला भिडवून घ्यायला लावली आणि उजव्या हाताने मळायला सुरुवात केली. थोड्या वेळाने एका हाताने नीट होईना, म्हणून डावा हात उजव्याने उचलून बैलाच्या खांद्यावर ठेवला आणि तोही फिरवू लागले. कुणी मोजलं नाही. अंधार पडेपर्यंत चाललं होतं. बैल मान खाली घालून उभा होता, शेपूटसुद्धा हलवत नव्हता.

सोमवारी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. डावी मूठ उघडली तर बोटांच्या बेचक्यांत हळद. आजोबा, हा हात कुणी चालवला, त्यांनी विचारलं.

“त्याचा खांदा सुजला व्हता, बाई,” आजोबा म्हणाले.